तोंडात टाचण्या

आमच्या दुकानात कात्र्या पुष्कळ आहेत. धागे तोडायची वेगळी, कागद कापायची वेगळी, काजांची वेगळी. पण कापड कापायची कात्री एकच, आणि ती माझ्या हातातली. शिवताना चुकलं तर उसवता येतं, कापताना चुकलं की रडत बसा. म्हणून कापायचं मी आणि शिवायचं सूनबाईनं, अशी आमच्याकडची वाटणी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्या खडूच्या रेघांवरून मशीन चालवते, आणि सरळ चालवते. ते मी कबूल करते. तिच्या तोंडावर करत नाही, एवढंच.

पण गोष्ट तिची नाही, माझ्या नातीची आहे. निदान मी सांगायला बसले तेव्हा तरी नातीचीच होती.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाळण्यात होती तेव्हापासून हातपाय स्वस्थ नाहीत, आणि बोलायला लागल्यापासून जीभ. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत बसून ती लहानाची मोठी झाली. वर गिऱ्हाईक बायका माप देता देता घरचं गाऱ्हाणं सांगायच्या, मी त्यांना चार शब्द सुनवायची आणि ही खालून मान बाहेर काढून म्हणायची, "काकू, तुम्ही माहेरी निघून जा." बायका हसून हसून मापं चुकवायच्या.

तीच भिंगरी आता विद्यापीठात शिकते. क्लिनिकल आणि कौन्सेलिंग सायकॉलॉजी. हे नाव मी एका दमात म्हणू शकते. गिऱ्हाइकांसमोर म्हणून म्हणून पाठ झालंय. कुणी नुसतं "नात काय करते?" म्हटलं की मी आधी टेप गळ्यात अडकवते आणि मग सांगते.

तर ही एका संध्याकाळी घरी आली ती पिशवी कोपऱ्यात टाकून माझ्या टेबलाखाली जाऊन बसली. एवढी घोडी झालीय, पण बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नापास."

झालं होतं असं. यांना खऱ्या माणसांसमोर बसवण्याआधी एक परीक्षा असते. एक खोली, दोन खुर्च्या. एका खुर्चीत ही, दुसरीत बाहेरून बोलावलेलं कुणीतरी अनोळखी माणूस. त्यानं आपली छोटीशीच, पण खरी अडचण सांगायची. भिंतीत एक काच. आतून तो आरसा दिसतो, पण पलीकडे यांच्या मॅडम बसून सगळं बघत असतात. या खेपेला आला होता एक बेकरीवाला. भावाशी त्याचं पटत नव्हतं. दुकान दोघांचं, भट्टी एक. तो बिचारा दोन वाक्यं बोलला असेल नसेल, आमच्या भिंगरीनं त्याला दुकानात मधोमध पार्टिशन घालायला सांगितलं, भट्टी सकाळ-संध्याकाळ वाटून दिली, आणि भावाच्या बायकोला काय म्हणायचं तेसुद्धा सांगून टाकलं.

"मग?" मी म्हटलं. "बरोबरच सांगितलंस की. पार्टिशन विटांचं की फळ्यांचं, एवढंच विचारायचं राहिलं."

"आजी, सल्ला द्यायचा नसतो."

"समुपदेशन म्हणतात ना याला? नावातच उपदेश आहे आणि तो द्यायचा नाही?"

तिनं टेबलाखालून माझा पाय चिमटला. "ऐकायचं असतं गं. माणूस आपलं आपण बोलत जातो, त्याला बोलू द्यायचं. मॅडम म्हणाल्या, तू फार चांगली शेजारीण आहेस. पण या खुर्चीत मला शेजारीण नकोय."

मॅडमबद्दल माझं मत तिथल्या तिथे बिघडलं. पण पोरीचा आवाज ओला झाला होता, म्हणून गप्प बसले. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा एकदा त्या खोलीत बसवणार होते. तेव्हा जमलं तर विद्यापीठाच्या केंद्रात इतरांबरोबर तिलाही माणसं भेटायला मिळणार, नाही जमलं तर वर्ष गेलं. बाकीचे पुढे, ही मागे.

"मला येतच नाही गप्प बसायला," ती म्हणाली. "कुणी रडवेलं झालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं."

सूनबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "घराण्यात आहे ते."

मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक आमचे चिरंजीव, म्हणजे भिंगरीचे बाबा. छापखान्यातून दमून आलेला माणूस. ही त्याच्यासमोर खुर्ची जरा तिरकी घेऊन बसली (समोरासमोर बसायचं नसतं म्हणे, तपासणी चालल्यासारखं वाटतं) आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आज तुम्हाला कशाबद्दल बोलावंसं वाटतंय?"

"कशाबद्दल नाही."

"बरं. मनात काही आहे?"

"चहा."

ती थांबली. थांबायचं असतं. तोही थांबला, आणि थांबल्या थांबल्या घोरायला लागला.

मग सूनबाईला बसवलं. मला म्हणाली, "आजी, तू पलीकडे बस. तू काच. मॅडम जशा काचेमागून बघतात तशी बघ, म्हणजे कुणी बघत असताना न गडबडता बसायची मला सवय होईल."

बसले. स्वतःच्या आईला ही "तुम्ही, तुम्ही" करत होती, त्याचं हसू दाबून बसले. सूनबाई जरा अवघडून म्हणाली, "माझी पाठ दुखते."

"खुर्चीवर उशी घे म्हणून कितीदा सांगितलं," मी म्हटलं.

"आजी, काच बोलत नाही."

"बोलत नाही, पण घरातली काच आहे मी."

"आणि दर तासाला उठून दोन पावलं चालत जा ना गं आई," भिंगरी आईकडे वळून म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिच्या लक्षात आलं. दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकलं. आम्ही दोघींनी मिळून त्या पाठीवर इतके इलाज सांगितले होते की पाठ जिची होती तिला बोलायला जागाच उरली नव्हती. ती उठली आणि पोळ्या करायला निघून गेली.

परीक्षा तोंडावर आली तरी तालमीची गत हीच.

त्याच दिवसांत शाळेच्या मुख्याध्यापिका बाई कोट घेऊन आल्या. अस्तर बदलून खालची लांबी कमी करायची होती. मी एका लग्नाच्या झग्यात गुंतलेले, म्हणून भिंगरीला म्हटलं, "तू घे गं दुमड." हे काम तिला लहानपणापासून येतं. बाई लाकडी पेटीवर उभ्या राहिल्या, ही गुडघ्यांवर बसली, टाचण्यांची डबी उघडली आणि आमची रीत असते तशा मूठभर टाचण्या ओठांत धरल्या. दोन्ही हात कापडावर लागतात, मग टाचण्या ठेवायला तोंडाशिवाय जागा कुठली?

बाई आधी कोटाबद्दल बोलल्या. मग हवेबद्दल. मग आणखी काहीतरी हळू आवाजात. सूनबाईचं मशीन चालू होतं, मला ऐकू आलं नाही, आणि ते मला आवडलं नाही. मी कात्री ठेवून जवळ सरकले तोवर बाई रुमालानं नाक पुसत होत्या. भिंगरी खालून वर बघत होती, ओठ मिटलेले, त्यांतून टाचण्यांची डोकी बाहेर. एक "हं" तेवढा नाकातून यायचा. दुमड कधीच झाली होती, तरी बाई पेटीवरून उतरेनात. शेवटी उतरल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं वाटलं गं बोलून."

त्या गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

भिंगरीनं टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. "ते नाही सांगता येत, आजी. त्यांचं त्यांनी मला सांगितलं."

"माझ्या दुकानात सांगितलं."

"तरी."

मग ती तशीच जमिनीवर बसून राहिली आणि माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय.

"आजी," ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, बायका तुझा सल्ला ऐकायला येतात."

"येतातच."

"नाही गं. तुझा सल्ला कुणीच ऐकत नाही. मी टेबलाखालून बघितलंय ना. त्या बोलतात कधी? तुझ्या तोंडात टाचण्या असतात तेव्हा. तू टाचण्या काढून बोलायला लागलीस की त्या पर्स उचलतात."

सूनबाईचं मशीन बंद पडलं. धागा तुटला म्हणाली. तिचा धागा कधी तुटत नाही.

मी त्या पोरीशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. माझ्या सल्ल्यावर या गल्लीतले अर्धे संसार उभे आहेत. कुणाचे, ते विचारलं तर मला पटकन आठवले नाहीत, पण आहेत. जेवताना तिनं माझ्या ताटात तिच्या वाटणीची साय वाढली. मी खाल्ली. बोलले मात्र झोपायला जाताना: "दिवा मालव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंगरीनं आईला खुर्चीत बसवलं, स्वतः तिरकी बसली, आणि टाचण्यांची डबी माझ्यापुढे धरली.

"तूही घे."

"मी कशाला? मी काच आहे ना?"

"म्हणूनच. नाहीतर बाहेर बस."

माझ्याच दुकानातून मला बाहेर? टाचण्या घेतल्या. तिनंही घेतल्या. सूनबाई आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "मला काही टोचणार नाही ना?" आणि स्वतःच हसली. मग हसू विरलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोलणार कसं?

"पाठ आता बरी आहे," ती म्हणाली.

"हं," भिंगरी.

"झोप लागत नाही कधीकधी. तसं विशेष काही नाही."

पुन्हा शांतता. अशी शांतता माझ्या दुकानात मी कधी ऐकली नव्हती. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता, त्याला तेल घालायला हवं, हे मला सांगायचं होतं. सांगता आलं नाही.

"परवा एका बाईंनी निळा झगा नेला," सूनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "म्हणाल्या, काय सुरेख बसलाय, कुणी केला? मी म्हटलं, आमच्या आईंनी. आणि ते खरंच आहे. कापणं त्यांचं. मी नुसती रेघेवरून जाते. रेघ त्यांची. तक्रार नाही माझी." ती थांबली. "मागे आई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या ना, तेव्हा मी माझ्या भाचीसाठी एक फ्रॉक कापला. जुन्या चादरीचा. त्यांच्या कात्रीला हात नाही लावला, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापला. बोथट आहे ती. अंगठ्याला फोड आला. पण कापला. कळ्यांचा घेर होता. त्यांना सांगितलं, रेडीमेड आणलाय."

माझ्या ओठांतली एक टाचणी खाली पडली.

मला तो फ्रॉक आठवला. चांगला आठवला. मी तो उलटा करून बघितला होता, खांद्याला, बगलेला, घेराला. आणि मी काय म्हणाले होते तेही आठवलं. तेच सूनबाई आता सांगत होती.

"तर आईंनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, शिलाई ठीक आहे, पण कापणारा हात कसलेला दिसतो. रेडीमेडवालेसुद्धा शिकले म्हणायचे." सूनबाई जमिनीकडे बघून हसली. "असं कुणाबद्दलच म्हणत नाहीत त्या. झोप लागली नाही की मी ते आठवते. कापणारा हात कसलेला. मग लागते कधीकधी."

आता भिंगरीची काय अवस्था झाली म्हणता. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे. मान पुढे आली, गाल फुगले. तिच्या पोटातून सल्ला वर चढताना मला दिसत होता. मला तो पाठच होता: आजी, तिला कात्री दे. आणि माझ्या पोटात काय होतं? की कळ्यांचा घेर चादरीतून काढायचा तर काठाचं काय केलंस, आणि बोथट कात्रीनं कुणी कापड कापतं का, आणि मला सांगायला काय झालं होतं. एवढं सगळं दातांमागे अडकून राहिलं. जीभ लोखंडाला लागून आंबट झाली.

भिंगरीनं टाचण्या हातात काढून घेतल्या. मला वाटलं, संपलं. पण ती हळूच म्हणाली, "ते वाक्य तुम्ही जपून ठेवलंय."

एवढंच.

सूनबाईच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. ती रडली थोडी, मग पदरानं तोंड पुसलं आणि उठली. जाता जाता लेकीच्या गालावर बोटं टेकवून गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी टाचण्या काढून तोंड उघडलं, तोच भिंगरीनं मनगट धरलं. "आजी. खोलीतलं खोलीत. तिनं स्वतःहून तुला सांगितलं नाही तोवर तू विषय काढायचा नाही. बाई काय बोलल्या ते मी तुला सांगितलं का?"

"पण मला ऐकू आलं ना."

"काचेला ऐकू येतं. काच घरी जाऊन बोलत नाही."

असलं हे शिक्षण.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ती नको म्हणत होती, म्हणून गेले. विद्यापीठात त्यांच्या विभागाचा लांबलचक व्हरांडा, त्याला ओळीनं बंद दारं, एका दारावर लाल दिवा. दिवा लागला की आत कुणी जायचं नाही. कोपऱ्यात एक झाड कुंडीत, त्याची पानं कुणीतरी पुसलेली. आणि बसायला गादीच्या खुर्च्या. माझ्या खुर्चीची शिवण एका बाजूनं पार उसवलेली, आतला स्पंज बाहेर. माणसांची मनं सांधणारी ही मंडळी, आणि खुर्चीकडे कुणाचं लक्ष नाही.

भिंगरी आत गेली. तिच्यामागून एक उंच, पोक काढलेला माणूस गेला, हातात हेल्मेट. लाल दिवा लागला.

मला बसवेना. पर्समध्ये सुई-दोरा असतोच, टाचण्यांची छोटी डबीही असते. मी उठून खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले, शिवण चिमटीत धरली, टाचण्या ओठांत घेतल्या आणि टाके घालायला लागले. हात चालला की मला बरं असतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नव्हतं म्हणजे ती बोलत नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. मग वाटायचं, तिचा आवाज ऐकू न येण्याएवढं त्यांचं दारच जाड असेल.

खुर्ची पुरी शिवून झाली तरी दिवा लालच. मी पलीकडची खुर्ची घेतली. तीही उसवायच्या बेतात होतीच.

शेवटी दार उघडलं. हेल्मेटवाला बाहेर आला. डोळे लाल, पण पोक जरा कमी झालेलं. माझ्याकडे बघून त्यानं उगीचच मान हलवली आणि गेला. मग बाजूच्या दारातून एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई बाहेर आली. मॅडम. पाठोपाठ भिंगरी, पांढरीफटक.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मी जमिनीवर, तोंडात टाचण्या.

"आजी का?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला त्यांना पुष्कळ काही सुनवायचं होतं, शेजारीण म्हणाल्या त्यावरून. पण ओठ उघडले असते तर टाचण्या गिळल्या असत्या.

"बसली आज," मॅडम म्हणाल्या. "माणूस बराच वेळ नुसता हेल्मेट फिरवत होता. मागच्या खेपेला हिनं त्याला नवीन हेल्मेटचं दुकान सांगितलं असतं. आज थांबली. मग तो बोलला." त्या भिंगरीकडे वळल्या. "शेवटी घाई केलीस. तो आणखी एक वाक्य बोलणार होता, तू आधीच मान डोलावलीस. दर आठवड्याला माझ्याकडे येऊन बसायचं, यावर काम करायचं. पण पुढच्या महिन्यापासून केंद्रात ये."

भिंगरीचा चेहरा आधी हलेनाच. मग हलला तो सगळाच.

"आणि एक," मॅडम म्हणाल्या, "ओठ असे आवळून का बसतेस? समोरच्याला वाटेल, दात दुखतोय."

जिन्यात आल्यावर भिंगरीनं मला मिठी मारली. मी म्हटलं, "हळू. मुठीत टाचण्या आहेत."

"तू मॅडमना काहीच बोलली नाहीस," ती म्हणाली.

"बोलायला काय, वेळ होता का?"

घरी आलो. सूनबाईनं दारातच आमची तोंडं वाचली आणि लेकीला पोटाशी धरलं. मग तिघी दुकानात. टेबलावर निळ्या कापडाचा तागा होता. मुख्याध्यापिका बाईंना कोट इतका आवडला होता की आता त्यांना एक झगा हवा होता. कळ्यांच्या घेराचा. मी खडू उचलला. मग खाली ठेवला.

"माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय," मी म्हटलं.

"पाणी मारा, आई," सूनबाई म्हणाली.

"मारलं. जात नाहीय. हे तू काप."

भिंगरी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नाही, समोर भिंत आहे.

"मी?" सूनबाई म्हणाली.

"मग कोण, मशीन कापणार आहे? घे." मी कात्री तिच्या हातात दिली. मुठीकडची बाजू तिच्याकडे करून.

तिनं कात्री दोनदा हवेतच उघडली-मिटली, तिची धार ऐकल्यासारखी. मग खडू घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, पण कान लाल झाले होते. कापड पसरलं, हातानं सपाट केलं, आणि रेघ मारायला सुरुवात केली ती गळ्यापासून.

गळ्यापासून. मी आयुष्यभर घेरापासून करत आले. गळ्यापासून कुणी कापतं? मागून कापड कमी पडलं म्हणजे?

माझी जीभ दातांवर येऊन बसली. भिंगरीनं खिडकीतून मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि काही म्हणाली नाही. शिकलीय ना.

मी टाचण्यांची डबी ओढली. एकदोनानं काम भागण्यासारखं नव्हतं. चांगल्या मूठभर ओठांत धरल्या आणि सूनबाईसमोर स्टुलावर बसले.

कात्री कापडात शिरली. कर्र आवाज सरळ गेला, कुठे अडला नाही. आणि कापता कापता, मान वर न करता, सूनबाई बोलायला लागली.

काय बोलली ते विचारू नका. खोलीतलं खोलीत.